घरातील पाणी : लेखांक ५ – वाहत्या टाकीची कैफियत

खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणात पावसाळ्यात साठलेले पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन, क्लोरिनचा संस्कार घेऊन, मोठाल्या नळांतून नवी मुंबईत येते, तुर्भ्यातील एखाद्या चार मजली इमारतीच्या तळटाकीत उतरते, तेथून विजेच्या पंपाने गच्चीवर चढविले जाते, आणि इतका प्रवास व इतका खर्च सोसल्यावर शौचालयातल्या फ्लशच्या टाकीतून, कोणी बटण दाबलेले नसतानाही, रात्रभर भांड्यात झिरपत राहते. गृहनिर्माण संस्थेचे पाण्याचे मीटर बहुधा सर्वांमिळून एकच असल्याने ज्याच्या घरी ही गळती त्याला तिची तोशीस वेगळी अशी लागत नाही. पहाटे गच्चीवरची टाकी रिकामी आढळली की दोष पंपावर, नाहीतर महापालिकेवर ढकलला जातो, आणि खरा गुन्हेगार दारामागे मंद सूर धरून बसलेला असतो.

या गळतीचे मान काढणे अवघड नाही. टाकीखालचा अँगल कॉक बंद करावा, आतील पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करावी आणि दहा मिनिटांनी पाहावे. टाकीचा अंतर्भाग ४० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर पाणी एक सेंटिमीटर उतरणे म्हणजे ६०० मिलिलिटर गेले. दहा मिनिटांस एवढे, तर दिवसास ८६ लिटर. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने फ्लशसाठी दरमाणशी दररोज ४५ लिटर पाणी गृहीत धरले आहे, म्हणजे डोळ्यांस धड न दिसणारी ही गळती जवळजवळ दोन अदृश्य इसमांचे पाणी खर्ची टाकते.

ही चाचणी गळतीचे मान तर सांगतेच, शिवाय रोगाचे स्थानही दाखविते, आणि हाच तिचा खरा उपयोग. टाकीला दोन द्वारे असतात : पाणी आत सोडणारा बॉलकॉक, आणि ते भांड्यात सोडणारा तळाचा व्हॉल्व्ह. कॉक बंद केल्यावर पाणी जर मधल्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापाशी येऊन थांबले, तर बॉलकॉक बंद होत नाही व जादा आलेले पाणी त्या नळीतून भांड्यात जाते, असे समजावे; त्याखालीही उतरत राहिले, तर तळाचा रबर गळतो. संशय राहिलाच तर टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाकावेत. बटणाला हात न लावता अर्ध्या तासात भांड्यातले पाणी निळसर दिसले, की वाद मिटला. या निवाड्याआधीच नवा बॉलकॉक आणून बसविणारे कारागीर असतात, आणि तळाचा रबर तसाच गळत राहिल्यावर त्यांना पुन्हा बोलाविणारे गृहस्थही असतात.

येथे थोडा इतिहास सांगणे अस्थानी होणार नाही. चाळींतून व रेल्वेच्या जुन्या वसाहतींतून उंचावर टांगलेली बिडाची टाकी व तिची लोंबती साखळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी सायफन पाहिला आहे, जरी त्याच्या पोटात डोकावले नसले तरी. साखळी ओढली की पाणी आतल्या वाकलेल्या मार्गाच्या शिखरावरून ढकलले जाई, आणि एकदा प्रवाह सुरू झाला की आत हवा शिरेपर्यंत टाकी आपोआप रिकामी होई. पाण्याच्या पातळीखाली उघडझाप करणारे दारच नसल्याने रबर झिजून गळण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमध्ये पाण्याच्या नासाडीच्या भयाने तळाला व्हॉल्व्ह असलेल्या टाक्यांना कायद्याने मज्जाव होता, तो २००१ साली उठला. शिवाय जुन्या टाकीची ओव्हरफ्लो नळी भिंतीबाहेर निघे. बॉलकॉक बिघडला की बाहेर धार लागे आणि शेजारी हाक मारून सांगे. हल्ली ती नळी टाकीच्या आतच, थेट भांड्याकडे उघडते. सोय झाली, भिंतीची ओल टळली, पण गळतीला पडदा मिळाला, आणि माझ्या मते आजच्या नासाडीचे मूळ रबराच्या दर्जाइतकेच या पडद्यात आहे.

आता उपाय. बॉलकॉकचा दोष असल्यास प्रथम चेंडू हलवून पाहावा. त्यात पाणी शिरले असेल तर तो पुरेसा तरंगत नाही व दांड्याला वर ढकलू शकत नाही, म्हणून तो बदलावा. चेंडू शाबूत असेल, तर पितळी दांडा किंचित खाली वाकवावा, अगर प्लास्टिकच्या नव्या प्रकारात पातळीचा स्क्रू फिरवावा. पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाखाली बोटभर अंतरावर थांबले पाहिजे. एवढ्यानेही न भागल्यास आतला वॉशर कडक झालेला असतो किंवा त्यात रेतीचा कण अडकलेला असतो. गच्चीवरची टाकी धुतल्यानंतरच्या आठवड्यात ही तक्रार विशेष आढळते. खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब अधिक, दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एका वातावरणाचा, म्हणून चौथ्या मजल्यावर बिनतक्रार चालणारा बॉलकॉक तळमजल्यावर हार मानतो. तेथे अधिक दाबासाठी बनविलेला बॉलकॉक बसवावा.

तळाचा व्हॉल्व्ह गळत असेल तर कॉक बंद करून टाकी रिकामी करावी. दोन बटणांच्या टाकीत वरचे झाकण काढल्यावर मधला खांब बहुधा पाव फेरा फिरवून वर निघतो, व त्याच्या बुडाशी रबराची पातळ कडी दिसते. ती बोटांनी धुवावी, तिची बैठक ओल्या फडक्याने पुसावी. पुष्कळदा एवढ्याने काम होते. कडी फुगलेली, वाकलेली वा बोटाला काळे लावणारी असली तर जुनी सोबत नेऊन त्याच मापाची आणावी. तिला व्हॅसलिन लावू नये, ते रबर खाते. आणि टाकीत सोडण्याच्या जंतुनाशक वड्याही टाळाव्यात, कारण त्यांतील क्लोरिन तेच काम अधिक वेगाने करते. बैठकच चिरलेली असल्यास मात्र संपूर्ण व्हॉल्व्ह बदलण्यावाचून गत्यंतर नाही, आणि टाकी भांड्यावर बोल्टांनी जोडलेली असेल तर ती उचलण्याचे काम जाणत्या प्लंबरकडे सोपवावे, कारण बोल्ट बेताबाहेर आवळल्यास चिनी मातीला तडा जातो.

गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक याच जातीचा, पण त्याची तऱ्हा निराळी. त्याचा तपशील पुढील लेखांकात.