सोयाबीनची धूळ आणि दमा
दसऱ्याच्या सुमारास लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीनची मळणी सुरू होते. तोंडाला कितीही रुमाल गुंडाळा, भुसा नाकात जातोच. १९८०च्या दशकात बार्सिलोना बंदरात सोयाबीन उतरलं की शहरातल्या दमेकऱ्यांची दवाखान्यात रीघ लागे. दोष टरफलातल्या प्रथिनांचा निघाला. अशा धुळीची ॲलर्जी असली की श्वासनलिका सुजतात, आकसतात, छातीत शिट्टी वाजते.

दम्यावर ओढून घ्यायच्या औषधाचा पंप देतात; पण ‘पंपाची सवय लागते’ हा आपल्याकडचा चिवट गैरसमज. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या गोळीत सहसा ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात ०.१, म्हणजे चाळिसावा हिस्सा, तोही थेट नळीत. मात्र हा पंप तात्पुरत्या आरामाचा. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप डॉक्टरांनी दिला, तर बरं वाटत असतानाही घ्यायचा.

चुलीपुढे आयुष्य गेलेल्या आजीची धाप बहुधा निराळी: सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गात कायमचा अडथळा आणणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्यात आकसलेली नळी पुरती मोकळी होत नाही.