कड्यावरची साधना

रायगडच्या हिरकणीची कथा महाराष्ट्रात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. कोजागरीच्या दिवशी गडावर दूध घालण्यास गेलेली ही गवळण, दरवाजे बंद झाल्यामुळे, घरी राहिलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेली, आणि शिवाजी महाराजांनी तिचा गौरव करून त्या जागी बुरूज बांधविला, अशी ती दंतकथा आहे. तिचा ऐतिहासिक आधार कितीही असो, तिच्यातील एक मर्म मात्र खरे आहे. प्रसंग ओढवला म्हणजे माणसाच्या अंगी कोठून तरी बळ संचारते. परंतु असे बळ प्रसंगाबरोबर येते आणि प्रसंगाबरोबरच ओसरते. ज्याला कडा चढण्याची विद्याच हस्तगत करावयाची आहे, त्याला अशा उसन्या बळावर विसंबून चालत नाही. त्याचे बळ त्याने स्वतः, दिवसामागून दिवस, कणाकणाने साठवावे लागते. हे बळ कोणते, ते कसे साठवितात आणि त्यात शरीराचा वाटा किती व मनाचा किती, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे.

प्रस्तरारोहण, म्हणजे उभ्या कातळावर चढण्याची कला, ही मुळात गिर्यारोहणाची एक शाखा. हिमशिखरांकडे जाणाऱ्या वाटेवर खडक आडवा येतो, म्हणून तो चढता आला पाहिजे, एवढाच तिचा आरंभीचा हेतू होता. 1954 साली दार्जिलिंगला स्थापन झालेल्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्याला बर्फावर नेण्यापूर्वी कातळावर उभे करतात, ते याच हेतूने. पुढे या शाखेला स्वतंत्र वृक्षाचे रूप आले. आता तिचे स्वतःचे नियम आहेत, स्वतःच्या स्पर्धा आहेत, आणि 2021 साली झालेल्या टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत तिला प्रथमच स्थान मिळाले. या कलेतील सर्वांत मान्य प्रकार म्हणजे मुक्त आरोहण. येथे दोर असतो, पण तो वर ओढून घेण्यासाठी नसतो. हात निसटला तर खालचा साथीदार त्या दोराने पडणाऱ्याला सावरतो, इतकेच त्याचे काम. चढावयाचे ते स्वतःच्या बोटांनी आणि पायांनी.

या कलेत प्रगती कशी होते, हे समजून घेण्यास लिन हिल या अमेरिकन स्त्रीचे उदाहरण उत्तम आहे. कॅलिफोर्नियातील योसेमिटी दरीत एल कॅपिटन नावाचा सुमारे 3,000 फूट उंचीचा ग्रॅनाइटचा प्रचंड कडा आहे. त्याच्या नाकासारख्या पुढे आलेल्या धारेवरून जाणाऱ्या मार्गाला ‘नोज’ असेच नाव पडले आहे. 1958 साली हा मार्ग प्रथम सर झाला, तेव्हा खडकात खिळे ठोकीत, त्यांना दोर व शिड्या अडकवीत, दीड वर्षाच्या अवधीत मिळून सुमारे 45 दिवस चढाई करावी लागली होती. हाच मार्ग केवळ हातापायांनी चढून जाणे अनेक नामवंत आरोहकांना साधले नव्हते. जेमतेम सव्वापाच फूट उंचीच्या लिन हिलने 1993 साली तो चार दिवसांत मुक्तपणे पार केला, आणि दुसऱ्याच वर्षी संपूर्ण मार्ग एका दिवसाच्या आत, सुमारे 23 तासांत, पुन्हा चढून दाखविला. एका दिवसाचा हा पराक्रम दुसऱ्या कोणास साधावयास 2005 साल उजाडावे लागले.

या यशाचे रहस्य केवळ दंडाच्या ताकदीत शोधू गेल्यास ते हाती लागत नाही. नवशिक्या आरोहकाची पहिली चूक नेमकी हीच असते. तो कातळाला मिठी मारतो, कोपरे वाकवून सारा भार हातांवर तोलतो, आणि दहा-पंधरा फुटांतच त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगडासारखे ताठरतात. मूठ जोराने आवळली की आखडलेले स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतात. रक्त पुरेसे पोहोचत नाही आणि बोटे आपोआप उघडू लागतात. जाणता आरोहक हात शक्य तितके सरळ ठेवतो, कंबर कातळाजवळ आणतो आणि भार पायांवर सोपवितो. शिडी चढताना कोणीही हातांनी स्वतःला ओढीत नाही. पायांनी वर जातो आणि हातांनी फक्त तोल राखतो. तोच न्याय येथे लागू आहे. म्हणून अभ्यासाचा पहिला पाठ पायांचा. सोप्या कातळावर, पाऊल जेथे ठेवावयाचे ती खाच डोळ्यांनी निश्चित करून, आवाज न करता पाऊल टेकावे आणि एकदा टेकल्यावर ते हलवू नये. हा पाठ दिसण्यास साधा आहे, परंतु वर्षानुवर्षे चढणारेही त्याकडे वारंवार परततात. लिन हिलने लहानपणी व्यायामविद्येचे जे शिक्षण घेतले होते, त्याने तिला शरीराचा तोल आणि वळण यांची समज आधीच दिली होती. ‘नोज’वर जेथे धरावयास जवळजवळ काहीच नाही, तेथे तिने शरीर वळवून, हातापायांचे दाब एकमेकांविरुद्ध तोलून वाट काढली.

दुसरा पाठ बोटांचा, आणि तो सर्वांत अधिक धीराचा आहे. बोटांत स्वतःचे असे बलवान स्नायू नसतात. बोटे मिटविणारे स्नायू हाताच्या पुढल्या भागात असतात, आणि लांब कंडरांच्या दोऱ्यांनी ते बोटांना ओढतात. या कंडरांना हाडाशी धरून ठेवणारे नाजूक वेढे प्रत्येक बोटात असतात. स्नायू काही आठवड्यांत बळावतो. कंडरा आणि तिचे वेढे यांना रक्तपुरवठा अल्प असल्यामुळे त्यांना त्याच कामास महिने, कधी वर्षे लागतात. तरुण आरोहकाला सहा महिन्यांत स्वतःच्या अंगी आलेली शक्ती जाणवते, तो अधिक कठीण कड्यास हात घालतो, आणि एके दिवशी बोटात टचकन आवाज होऊन तो वेढा फाटतो. मग काही महिने घरी बसावे लागते. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर हाडांची टोके अद्याप पक्की झालेली नसतात, म्हणून त्यांना बोटांचे जड व्यायाम देऊच नयेत, असे जाणकार सांगतात. या शास्त्रात उतावळेपणाला क्षमा नाही.

व्यायामाची योजनापूर्वक जोड या कलेला मिळाली ती काही व्यक्तींच्या चिकाटीमुळे. जॉन गिल या अमेरिकन गणितज्ञाने 1950 नंतरच्या दशकात व्यायामपटूंची पद्धत कातळावर आणली. घामाने बोटे निसटू नयेत म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड हातास लावण्याचा प्रघात त्याच्यापासून रूढ झाला. आपल्याकडे मल्लखांबावर चढणाऱ्या मुलास पकड आणि तोल यांचे हे नाते वेगळे शिकवावे लागत नाही. पुढे वोल्फगांग ग्युलिख या जर्मन आरोहकाने 1988 साली तिरप्या फळीवर लाकडाच्या अरुंद पट्ट्या बसवून, पाय न टेकता केवळ बोटांनी एका पट्टीवरून दुसरीवर झेपावण्याचा व्यायाम शोधून काढला. त्याच्या बळावर 1991 साली त्याने जर्मनीतील फ्रँकेनयुरा भागात ‘अ‍ॅक्शन डायरेक्ट’ हा त्या काळचा अत्यंत बिकट मार्ग सर केला. परंतु ग्युलिखची फळी हे अनेक वर्षांच्या साधनेनंतरचे औषध आहे. ते प्रथमदिनी घेणाऱ्यास बाधते. सर्वसाधारण अभ्यासकाने आठवड्यातून दोन-तीन दिवस चढावे, मधल्या दिवसांत विश्रांती घ्यावी, आणि विश्रांती हाही व्यायामाचाच भाग समजावा. शरीर बलवान होते ते श्रमाच्या वेळी नव्हे, श्रमानंतरच्या विसाव्यात.

येथपर्यंत शरीराचा विचार झाला. आता मनाकडे वळले पाहिजे, कारण कड्यावरून माघारी येणाऱ्यांपैकी अनेकांना शक्ती संपण्यापूर्वीच भीतीने परत आणलेले असते. भीती ही लाजेची गोष्ट नव्हे. उंचीचे भय माणसाच्या रक्षणासाठीच निसर्गाने दिले आहे. प्रश्न एवढाच की ती सांगते ते खरे आहे की नाही, हे ओळखता आले पाहिजे. दोर पक्का आहे, खाली साथीदार सावध आहे, पडल्यास आदळण्यासारखे मध्ये काही नाही, अशा स्थितीत वाटणारे भय हे कल्पनेचे भय होय. मेख डळमळते आहे, दोर धारदार कडेवरून जात आहे, अशा स्थितीतले भय हा हितचिंतकाचा इशारा होय. पहिल्या भयावर उपाय सरावाचा. अनुभवी साथीदाराच्या देखरेखीखाली, सुरक्षित जागी, प्रथम हातभर आणि मग थोडे थोडे वाढवीत, मुद्दाम हात सोडून दोरावर लोंबकळण्याची सवय करतात. आरोहणाचा दोर ताणला जाणारा असतो, त्यामुळे झटका सौम्य होतो. हे बुद्धीला ठाऊक असून भागत नाही, ते अंगाला ठाऊक व्हावे लागते. दुसऱ्या भयाचे मात्र ऐकावे. अलेक्स होनोल्डने 2017 साली एल कॅपिटनचा कडा दोराविना चढून जगाला थक्क केले. तथापि त्यापूर्वी दोर बांधून त्याने त्या मार्गाची किती उजळणी केली होती, आणि 2016 साली एकदा चढाईस आरंभ करूनही मन ग्वाही देईना म्हणून तो कसा परत फिरला होता, हे फारसे सांगितले जात नाही. त्याच्या साहसाचे अनुकरण कोणी करू नये. त्याची ती माघार मात्र अनुकरणीय आहे.

मनाचा दुसरा गुण म्हणजे अपयशाकडे पाहण्याची दृष्टी. याच कड्याच्या ‘डॉन वॉल’ नामक भिंतीवर टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्जेसन हे दोघे 2014 च्या डिसेंबरअखेरीस चढू लागले. अपघातात कॉल्डवेलच्या डाव्या तर्जनीचा भाग पूर्वीच गेला होता, तरीही मार्गाचा पंधरावा टप्पा त्याने पार केला. जॉर्जेसन मात्र तेथेच अडला. दिवसामागून दिवस तो त्याच ठिकाणी पडत राहिला आणि बोटांची कातडी सोलवटून निघाली. त्याने काय केले? हट्टाने रोज झुंजत न बसता तो कड्यावर टांगलेल्या तंबूत विसावला, कातडी भरू दिली, पायाच्या ठेवणीचा पुन्हा विचार केला, आणि अखेर तो टप्पा ओलांडला. पुढे गेलेल्या कॉल्डवेलने शिखराची घाई न करता मित्राची वाट पाहिली. 19 दिवसांनंतर, 14 जानेवारी 2015 रोजी, दोघेही बरोबरच माथ्यावर पोहोचले. ‘मी पडलो’ असे म्हणून थांबणारा तेथेच राहतो. ‘मी कशामुळे पडलो’ असे विचारणारा पुढे जातो. पाय निसटला, श्वास रोखला गेला, की घाईने पुढची पकड चुकली, या प्रश्नाच्या उत्तरातच उद्याचा पाठ असतो.

परंतु सर्व गुणांवर मात करणारा एक गुण आहे, आणि त्याची महती लिन हिलच्याच आयुष्यातील एका घटनेने कळते. 1989 साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, दक्षिण फ्रान्समधील ब्युऊ येथे ती एका तिच्या दृष्टीने सोप्या मार्गावर चढली. कमरेच्या पट्ट्यातून तिने दोर ओवला होता, पण लक्ष मध्येच दुसरीकडे गेले आणि गाठ पुरी बांधण्याचे राहून गेले. माथ्यावर पोहोचून खाली उतरण्यासाठी तिने दोरावर भार टाकला, आणि ती सुमारे 70 फूट खाली कोसळली. वाटेत झाडाच्या फांद्या आल्या म्हणूनच तिचा जीव वाचला. ‘नोज’चा पराक्रम हा या अपघातानंतरचा आहे. जगातील अग्रगण्य आरोहकाला एका अर्धवट गाठीने खाली आणावे, यात सर्वांना धडा आहे. म्हणून जमिनीवरून पाय उचलण्यापूर्वी प्रत्येक वेळी दोघा साथीदारांनी एकमेकांची गाठ, पट्टा आणि दोर हातांनी चाचपून पाहावा, असा दंडक आहे. हजार वेळा पाहिले म्हणून एक हजार एकाव्या वेळी न पाहण्याचा अधिकार कोणासही प्राप्त होत नाही.

ही विद्या आता भारतालाही परकी राहिलेली नाही. कर्नाटकात बदामीचा तांबडा वालुकाश्म आणि हंपीचे ग्रॅनाइटचे धोंडे आरोहकांना आकर्षून घेतात. नवी मुंबईत बेलापूर येथे 2016 साली या खेळाची जागतिक मालिकेतील स्पर्धाही भरली. सह्याद्रीची तर गोष्टच वेगळी. लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला हा काळा पाषाण अनेक ठिकाणी ठिसूळ असतो. म्हणून येथला आरोहक प्रत्येक पकडीवर प्रथम हाताने थाप मारतो आणि पोकळ आवाज आला की ती सोडून देतो. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या कातळाला तो हात लावीत नाही. डोक्यावर शिरस्त्राण घातल्याशिवाय तो कड्याखाली उभाही राहत नाही. सह्याद्रीने घालून दिलेली ही शिस्त कोणत्याही कृत्रिम भिंतीवर शिकता येत नाही.

हिरकणीला त्या रात्री निवड नव्हती. आजच्या आरोहकाला ती आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी अधिक आहे. पाऊल नेमके ठेवणे, बोटांना वेळ देणे, खऱ्या भयाला मान आणि खोट्या भयाला उत्तर देणे, पडण्यातून शिकणे आणि गाठ पुन्हा एकदा पाहणे, एवढीच या साधनेची सूत्रे आहेत. ती ज्याने आचरणात आणली, तो कड्याच्या माथ्यावर पोहोचतो, आणि संध्याकाळी सुखरूप घरीही परततो. घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने यांपैकी दुसरे यशच मोठे असते.