टोकण यंत्राची चकती

ऐन पेरणीत टोकण यंत्राची चकती मोडली की हिमायतनगरचा शेतकरी नांदेडचा रस्ता धरतो, नाहीतर शेजाऱ्याचं यंत्र मोकळं व्हायची वाट बघतो. तळहाताएवढी प्लॅस्टिकची ती चकती. तिच्या खाचेत दाणा बसतो आणि ठरल्या अंतरावर जमिनीत पडतो. सोयाबीनची खाच वेगळी, हरभऱ्याची वेगळी. घरचं बियाणं बारीक भरलं तर बाजारची चकती त्याला सैल पडते. मग आपल्या दाण्याच्या मापाची चकती तालुक्यातच का बनू नये? संपादकांनी हा प्रश्न हातात दिला आणि त्याच्या मागे लागून मी पाबळच्या गोष्टीत अडकलो.

पाबळ पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यातलं, पावसाने कायम हूल दिलेलं गाव. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग इथे आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या पोरांच्या हाती वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती द्यायची आणि गावाची खरी कामं करता करता शिकवायचं, हा त्यांचा खाक्या. जीपचे जुने भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टरही इथेच उभा राहिला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गेर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने इथे फॅब लॅब आली. संगणकावर काढलेली आकृती थेट कापणारी, कोरणारी यंत्रं एका खेड्यात आली. एमआयटीबाहेरच्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत पाबळची गणना होते.

तिथे हाती घेतलेल्या कामांतलं एक मला सोडवत नाही. डिझेल इंजिनाचे फेरे मोजण्याचं.

अशा इंजिनावरचा नेहमीचा जनरेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला तर वीज ५० हर्ट्झची मिळते. फेरे तपासायची जुनी युक्ती फार देखणी आहे. आसावर चार खुणांची तबकडी लावायची आणि तिच्यावर विजेच्या निऑन दिव्याचा उजेड पाडायचा. ५० हर्ट्झवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. आस सेकंदाला २५ फेरे घेत असेल तर प्रत्येक लुकलुकीला पुढची खूण आधीच्या खुणेच्या जागी आलेली असते, आणि गरगरणारी तबकडी जागच्या जागी थांबलेली दिसते. मेख एवढीच की दिवा गावच्या विजेवर चालतो. ती ४८ हर्ट्झवर उतरली तर तबकडी १४४० फेऱ्यांनाच स्थिर दिसते. मोजपट्टीच आखडलेली! यावर उपाय म्हणजे क्वार्ट्झच्या स्फटिकावर, मनगटी घड्याळासारखा, स्वतःचा ठोका धरणारं छोटं सर्किट. असं सर्किट गावात, गावच्या इंजिनासाठी बनतं, यात फॅब लॅबचं सगळं मर्म आलं.

कलबाग २००३ मध्ये गेले. त्यानंतर यंत्रं भराभर स्वस्त झाली. वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर रचणाऱ्या थ्रीडी प्रिंटरचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं. ब्रिटनमध्ये एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'रेपरॅप' प्रकल्पाने प्रिंटरचे आराखडे आधीच जगाला फुकट देऊन टाकले होते. आज प्रिंटर मोटारसायकलपेक्षा कमी पैशात येतो.

तरी आपली चकती सुखासुखी होत नाही. सगळ्यात सोपं प्लॅस्टिक पीएलए, पण ते साठेक अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात ठेवलेली चकती पेरणीआधीच वाकडी होईल. पीईटीजी जास्त टिकतं, पण पावसाळ्यात त्याची प्रिंटरला लावायची तार हवेतला ओलावा पिते, आणि चकती हवी असते नेमकी तेव्हाच. छपाईला तास लागतात. मधेच वीज गेली की तापलेला पाट निवतो, अर्धवट वस्तू सुटून येते. कोरणाऱ्या यंत्राने सपाट प्लॅस्टिकमधून चकती कापणं कदाचित जास्त शहाणपणाचं, पण मग धूळ सांभाळा, पाती बदला. हे सगळं निभावलं तरी दाणा मोजायचा कोणी? वर्नियर कॅलिपर लावून वीस-पंचवीस दाणे मोजणारा, खाचेला किती ढील ठेवायची हे दोनदा चुकून शिकणारा माणूस यंत्राच्या खोक्यातून येत नाही. पाबळला यंत्रं येण्याआधी एकोणीस वर्षं अशी माणसं घडत होती, हे आपण सोयीने विसरतो.

आता अशी यंत्रं शाळांतही येताहेत. अटल टिंकरिंग लॅब या शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी केंद्र सरकार शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान देतं, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत अशा ५० हजार प्रयोगशाळा जाहीर झाल्या आहेत. त्यांतल्या काही नांदेड जिल्ह्याच्या वाट्याला येतीलच. शाळा समित्यांना एवढंच सांगणं आहे: शाळा सुटल्यावर ती खोली उघडी ठेवा, तालुक्यातल्या एखाद्या लेथवाल्याला मानधन देऊन तिथे बसवा, आणि मुलांचं पहिलं काम म्हणून शेतकऱ्याची मोडकी चकती टेबलावर ठेवा.