नाशिकमधून बी.ए. : सामाजिक शास्त्रे

- विषय : अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल. इतिहास कुठे यात, कुठे मानव्यविद्येत धरतात.
- बी.एस.डब्ल्यू. वेगळी : ती समाजकार्याची व्यावसायिक पदवी. तिच्यात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य सक्तीचे. समाजशास्त्र हा समाजाच्या अभ्यासाचा विषय. प्रवेशअर्ज भरताना हा फरक आवर्जून पाहावा.
- नियमित मार्ग : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी (स्थापना १९४९) संलग्न महाविद्यालये. त्यांत एचपीटी हे जुने. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ मध्ये सुरू केलेले.
- मुक्त मार्ग : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. स्थापना १ जुलै १९८९, राज्य विधिमंडळाच्या कायद्याने. मुख्यालय गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धन येथे. कार्यक्षेत्र मात्र अख्खा महाराष्ट्र. स्वयं-अध्ययनाची मराठी पुस्तके, जवळचे अभ्यासकेंद्र. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी हीच मोठी सोय. मान्यताप्राप्त मुक्त पदवी नियमित पदवीशी समकक्ष.
- कालावधी : नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी, चार वर्षांची ऑनर्स. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात किमान श्रेयांक अनुक्रमे १२० आणि १६०.