घरकुलाची भिंत थंड ठेवा

ताईंनो, आपल्याकडची जुनी धाब्याची घरं आठवा. मातीच्या जाड भिंती, म्हणून भर उन्हाळ्यातही आत गारवा. घरकुलाचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. त्यात भिंत पातळ बांधली की रात्रीही घर तापलेलंच राहतं.

यावर उपाय आहे. केरळात लॉरी बेकर यांनी रुजवलेल्या ‘रॅट ट्रॅप’ पद्धतीत विटा काठावर उभ्या लावतात. ९ इंची भिंतीच्या मध्ये पोकळी राहते. त्यातली हवा उष्णता अडवते. विटाही साधारण पाव हिश्श्यानं कमी लागतात.

वीट मात्र पक्की, एकसारख्या मापाची घ्या. खिडकीखालचा आणि छताखालचा थर भरीव ठेवा. किमान ७ दिवस पाणी मारा. छतावर पांढरा चुना द्या.

गवंड्याशी पाया भरण्याआधीच बोला. भिंत उभी राहिली की मग बदल होत नाही!