कल्पना आईची, पण कागद कुणाच्या नावावर?

घरात रोज एखादी अडचण येते. आई त्यावर काहीतरी जुगाड शोधते. शेजारीण म्हणते, "मलाही करून दे ना." मग नणंदेच्या ऑफिसमधून चार ऑर्डर येतात आणि बघता बघता व्हॉट्सअॅपवर ग्रुप तयार होतो. नाचणीचं सत्त्व, बाळाची दुपटी, कापडी खेळणी, डब्याच्या पिशव्या... कितीतरी घरगुती व्यवसायांची सुरुवात अशीच झालेली असते.

अशा व्यवसायांबद्दल बोलताना भांडवल, पॅकिंग आणि मार्केटिंग यांवर भरपूर चर्चा होते. एक प्रश्न मात्र मागे राहतो. हा व्यवसाय कागदावर नक्की कुणाचा आहे? धंदा लहान असेपर्यंत या प्रश्नाने काही बिघडत नाही, पण तो वाढला की सगळं त्यावरच येऊन थांबतं. कसं, ते तीन खऱ्या उदाहरणांवरून समजून घेऊ.

पडद्याच्या कापडातून १० लाख डॉलर

गोष्ट १९४६ ची, अमेरिकेतली. मॅरियन डोनोव्हन या आईला बाळाची ओली दुपटी आणि चादरी धुऊन धुऊन वैताग आला होता. तेव्हा लंगोटावर घालायला रबराची चड्डी मिळायची, पण तिने बाळाच्या त्वचेवर पुरळ यायचं. मॅरियनने बाथरूममधला शॉवरचा पडदा कापला आणि शिलाई मशीनवर लंगोटावर घालायचं कव्हर शिवलं. पुढे त्यात सुधारणा करत तिने पॅराशूटचं नायलॉन कापड वापरलं आणि सेफ्टी पिनच्या जागी टिचबटणं लावली. या कव्हरला तिने नाव दिलं 'बोटर'.

कंपन्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं. शेवटी १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सॅक्स फिफ्थ अॅव्हेन्यू' या मोठ्या दुकानात बोटर विक्रीला आलं आणि चाललंही. १९५१ मध्ये तिला पेटंट मिळालं. त्यानंतर तिने आपले हक्क केको कॉर्पोरेशन या कंपनीला १० लाख डॉलरला विकले.

कापड कापून शिवलेली वस्तू बघून कुणीही तशीच शिवू शकतं. खरेदी करणाऱ्या कंपनीने एवढे पैसे मोजले ते हक्कांसाठी, आणि ते हक्क मॅरियनच्या नावावर होते.

हक्क हातातून निसटत होता तेव्हा

दुसरी गोष्ट बेट नेस्मिथ ग्रॅहमची. घटस्फोट झालेला, पदरात एक मुलगा आणि डॅलसमधल्या एका बँकेत सेक्रेटरीची नोकरी. इलेक्ट्रिक टाइपरायटरवर एक अक्षर चुकलं तरी खोडताना कागद खराब व्हायचा आणि पूर्ण पान पुन्हा टाइप करावं लागायचं. बँकेच्या काचेवर सजावट करणारे चित्रकार चुकलेल्या जागेवर सरळ रंग मारतात, हे बेटने पाहिलं. मग तिनेही पांढरा रंग बाटलीत भरून ऑफिसला न्यायला सुरुवात केली.

१९५६ मध्ये तिने हा रंग 'मिस्टेक आउट' नावाने विकायला सुरुवात केली. घरातल्या मिक्सरमध्ये मिश्रण तयार व्हायचं आणि मुलगा मित्रांना घेऊन बाटल्या भरायचा. हेच उत्पादन पुढे 'लिक्विड पेपर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १९७५ पर्यंत वर्षाला अडीच कोटी बाटल्या तयार होत होत्या.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. दुसऱ्या पतीपासून घटस्फोट झाला तेव्हा तो कंपनीच्या संचालक मंडळावर होता. तिने उभ्या केलेल्या कंपनीचे निर्णय आता इतर लोक घेऊ लागले. मिश्रणाचा फॉर्म्युला बदलण्याचा प्रयत्न झाला. फॉर्म्युला बदलला असता, तर तिला मिळणारी रॉयल्टी बंद झाली असती.

बेटकडे कंपनीचे मोठे शेअर होते, म्हणून ती लढू शकली. १९७९ मध्ये जिलेट कंपनीने लिक्विड पेपर ४ कोटी ७५ लाख डॉलरला विकत घेतली आणि बेटची रॉयल्टीही सुरू राहिली. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५६ व्या वर्षी तिचं निधन झालं. शेअर तिच्या नावावर नसते तर हा व्यवहार तिच्याशिवायही झाला असता.

गिरगावातल्या सात जणी

तिसरं उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. १९६२ मध्ये नावासाठी स्पर्धा ठेवली गेली आणि पाच रुपयांच्या बक्षिसातून 'लिज्जत' हे नाव मिळालं. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

लिज्जतने मालकीचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. इथे लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सहमालक मानली जाते. लाटण्याचा मोबदला म्हणजे 'वणाई' वेगळी मिळते आणि नफ्यातही वाटा असतो. पापडाची पाककृती काही गुपित नाही, पापड घरोघरी होतात. लिज्जतची ताकद आहे तिच्या नावात आणि चोख दर्जात. ते नाव सगळ्या बहिणींचं मिळून आहे.

मग आपल्याकडच्या आईने काय करायचं?

सगळ्यात आधी नोंदणी कुणाच्या नावावर होते आहे ते बघायचं. 'उद्यम' नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. एकल मालकीच्या व्यवसायात ती मालकाच्या आधार आणि पॅनवर होते. "माझं पॅन लिंक आहे, माझ्याच नावाने टाकू" असं म्हणत घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर ती झाली, तर कायद्याच्या नजरेत मालक तो माणूस. काम कोण करतं, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

याचा थेट तोटाही होतो. केंद्र सरकारच्या खरेदी धोरणात ३ टक्के खरेदी महिलांच्या मालकीच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते. कागदावर मालकीण नसलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. बँकेतलं चालू खातं आणि ऑनलाइन पेमेंटचा क्यूआर कोड कुणाचा आहे, हेही याच कारणासाठी तपासून घ्यावं.

नावाचं काय?

मसाला, लाडू किंवा सत्त्व यांच्या साध्या मिश्रणाला सहसा पेटंट मिळत नाही. अशा व्यवसायाची खरी कमाई म्हणजे ब्रँडचं नाव, आणि ते जपतो ट्रेडमार्क. एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ४,५०० रुपये आहे. वकील किंवा एजंटची फी वेगळी. नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि नंतर वाढवता येते.

नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर तेच नाव आधी कुणी घेतलंय का, ते मोफत शोधता येतं. 'शुद्ध मसाले' किंवा 'घरगुती लोणचं' अशा नुसत्या वर्णन करणाऱ्या नावांवर आक्षेप येतो, त्यामुळे थोडं वेगळं नाव निवडलेलं बरं. आणखी एक गोष्ट. गोलातलं 'आर' हे चिन्ह नोंदणी झाल्यावरच वापरता येतं. त्याआधी ते लेबलवर छापणं बेकायदेशीर आहे.

पहिल्या ऑर्डरची बिलं आणि लेबलचे तारखेसह फोटो जपून ठेवा. नाव आधी कोण वापरत होतं, यावर आपल्याकडे बरंच काही ठरतं.

रील आधी की अर्ज आधी?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त चूक इथे होते. बाळाला उचलून घ्यायचा नवा पट्टा असो की न सांडणारी वाटी, वस्तू खरंच नवी असेल तर तिच्या रचनेसाठी पेटंट आणि दिसण्यासाठी डिझाइन नोंदणी मिळू शकते. दोन्हींची मुख्य अट एकच आहे. अर्ज करण्याआधी ती वस्तू लोकांसमोर आलेली नसावी.

म्हणजे "बघा मी काय बनवलंय" असं म्हणत कौतुकाने टाकलेला रील नंतर आपल्याच अर्जाच्या आड येऊ शकतो. म्हणून आधी अर्ज करा, मग पोस्ट. वस्तू अजून पूर्ण तयार नसेल तर पेटंटसाठी प्राथमिक अर्ज करता येतो आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. अर्जदारांमध्ये किमान एक महिला असेल तर अर्जाची तपासणी लवकर करण्याची विनंतीही करता येते.

परवान्यांचं लक्षात ठेवा

खाद्यपदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची नोंदणी लागते, मग स्वयंपाक घरातच होत असला तरी. विक्रीसाठी साबण किंवा क्रीम बनवायला सौंदर्यप्रसाधनांच्या उत्पादनाचा परवाना लागतो. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. सरकारकडे नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे.

हे सगळं एका दिवसात होणार नाही आणि पहिल्या दहा ऑर्डरसाठी सगळंच लागेल असंही नाही. पण दोन कामं आजच करता येतील. व्यवसायाचं नाव ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोधून बघा. आणि घरात आई, बहीण किंवा बायको असा व्यवसाय करत असेल, तर उद्यमचं प्रमाणपत्र उघडून मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे तेवढं वाचा.