चर्चचे युजर की चर्चची माणसं?

‘क्वायर काही खास नाही, उपदेशही लांबतो, पुढच्या रविवारी दुसरं चर्च बघू.’ ॲपला रिव्ह्यू देतो तसंच बोलतो ना आपण?

ही सवय लागायला चर्चचाही हात आहे. शिकागोजवळचं विलो क्रीक चर्च १९७५ साली सुरू झालं. त्यांनी घरोघरी जाऊन विचारलं, ‘तुम्ही चर्चला का येत नाही?’ उत्तरं ऐकून उपासना बदलली; नाटक आलं, बँड आला. आमच्या भाषेत हा युजर रिसर्च! गर्दी हजारोंवर गेली. मग त्यांनी आपल्याच लोकांचा सर्व्हे करून २००७ मध्ये निष्कर्ष छापले: कार्यक्रमांना जास्त हजेरी लावली म्हणून देवावरचं, माणसांवरचं प्रेम वाढतंच असं नाही. स्वतःबद्दल हे छापायला हिंमत लागते, हे मात्र मानलं.

मग बदलायचं कसं? मला मिझोरमची रीत पटते. तिथल्या प्रेस्बिटेरियन घरांत १९१० पासून बायका भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. नाव ‘बुहफाई थाम’. तो विकून मिशनचं काम चालतं. हातात पैसा नसलेली बाईसुद्धा तिथे देणारी आहे, तेही रविवारची वाट न बघता.

आपल्याकडे पाळक तरुणांना फीडबॅक विचारतात. त्यापेक्षा काम द्यावं: साउंड सिस्टिम, संडे स्कूल, आजारी आजीला दवाखान्यात नेणं. आणि ते विचारत नसतील, तर या रविवारी अर्धा तास आधी जाऊन खुर्च्या लावू लागा.